चार इंची भिंत

मी भिंत बोलतेय. किल्ल्याची नाही की देवळाची नाही. नांदुऱ्यात रेल्वे फाटकाच्या पलीकडे नवं लेआउट पडलं आहे ना, तिथल्या एका जोडघराची मी मधली भिंत. रो-हाऊस म्हणतात त्याला. दोन घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि त्यांच्या मधोमध मी. रंग नवा असला की दोन्हीकडचे मला आपली म्हणतात, आणि पोपडे निघायला लागले की दोन्हीकडचे मला शेजाऱ्याची म्हणतात. आता सवय झाली.

माझ्या विटा पूर्णेकाठच्या भट्टीतल्या. भाजून निघालो तेव्हा आमच्या अंगावर छान तांबूस रंग होता. ट्रॅक्टरनं आम्हाला इथं आणून ओतलं आणि महामाया नावाची एक मजूर बाई आम्हाला डोक्यावरून वाहून गवंड्याच्या हाताशी देऊ लागली. पुढं माझ्यावर पाणी मारायचं कामही तिचंच. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून ती माझ्याशी बोलायची, "पी माय, पोटभर पी. उद्या लोकं यीतीन राहाले, त्याईचा भार तुले पेलायचा हाय." इतक्या मायेनं माझ्याशी पुन्हा कुणी बोललं नाही.

नकाशात मी नऊ इंची होते. बिल्डरनं नकाशा पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आतली भिंत आहे, कोण पाहायला येतं?" म्हणून मी चार इंची झाले. त्यात वायरमननं भर घातली. दोन्ही घरांची बटणांची पेटी त्यानं माझ्यात समोरासमोर एकाच जागी खोदली. तेवढ्या जागी वीटच उरली नाही. या पेटीतून त्या पेटीत नुसता पोकळ रस्ता. दोन्ही बाजूंनी गिलावा चढला, वर फिकट पिवळा रंग लागला आणि मी भल्या घरची भिंत दिसू लागले. दिसण्यावर काय जातंय!

डाव्या बाजूला नीळकंठबाबू आणि चारुलताबाई राहायला आले. बाबू तहसील कचेरीतून मोठे कारकून म्हणून निवृत्त झालेले. मुलगा पुण्याला. पोशाख पांढरा, बोलणं मोजकं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान. "आयुष्यात कधी दुसऱ्याच्या भानगडीत पडलो नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या विटांनाही पाठ झालं असेल. चारुलताबाई तशा बोलक्या, पण नवऱ्यासमोर बोलायच्या आधी त्याचा चेहरा वाचणाऱ्या.

उजव्या बाजूला उकंडरावांचं कुटुंब. मूळचे उंद्रीकडचे. आधी स्वतः भाजीपाला पिकवायचे, मग इथल्या बाजारात अडत सुरू केली. आता धंदा मुलगा अविनाश पाहतो. घरात त्याची आई मंजुळाबाई आणि बायको छाया. छाया दुसरबीडची. उंच, सावळी, चालताना पायाचा आवाज न होणारी मुलगी.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. माझ्यातून काय काय इकडचं तिकडं जायचं म्हणता? कुकरच्या शिट्ट्या, मिक्सरची घरघर, बाबूंच्या पूजेची घंटी, मंजुळाबाईंच्या मालिकांतल्या सासवांची भांडणं, उकंडरावांची शिंक. शिंक आली की पलीकडून चारुलताबाई न चुकता "सत्य!" म्हणायच्या आणि अलीकडे छाया तोंडाला पदर लावून हसायची. अविनाश बाजारातून येताना मेथीची जुडी, कोवळी वांगी बाबूंच्या दारात ठेवून जायचा. "घ्या काका, ताजी हायेत." गोड पोरगा, असं आळीत सगळेच म्हणायचे. बाहेर तो कुणाशी वर मान करून बोललेला नाही.

मला माणसांची एक गंमत वाटते. फाटकावरून मालगाडी धडधडत जाते तेव्हा मी पायापासून हादरते, खिडक्यांच्या काचा किणकिणतात, पण कुणाची झोप मोडत नाही. आणि शेजारच्या घरात ताटली पडली की लोक ताडकन उठून बसतात. लोखंडाचा आवाज चालतो तुम्हाला, माणसाचा नाही चालत.

मग बाबूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. अकोल्याहून घरी आले ते छातीला उशी धरूनच. डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी झोप घ्या, दगदग नको, मनाला त्रास नको. त्यांचा पलंग मला लागून टाकला. शेजारी काठी ठेवली. पलीकडे टीव्ही मोठा झाला की ते पडल्या पडल्या काठीनं माझ्यावर तीनदा ठोकायचे. टक टक टक. म्हणजे, आवाज कमी करा. पलीकडे लगेच टीव्ही बारीक व्हायचा. बोलायला नको की भांडायला नको. सोय छान होती.

अविनाश मात्र दुपारीच घरी यायचा. भाजीचा लिलाव पहाटे. उन्हं चढली की माल संपतो, हिशेब होतात आणि तो तापलेल्या डोक्यानं जेवायला येतो. बाबूंची झोपेची वेळ आणि त्याची यायची वेळ एकच.

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा, खरं सांगते, मला ओळखू आला नाही. वाटलं, मंजुळाबाई भाकरी थापताहेत. पण भाकरी एकदा थापल्यावर कुणी हुंदका देत नाही.

कारण काय? कारणं रोज नवी असायची. ठेच्यात मीठ जास्त. ताक कोमट. माहेरी फोन का केला. फोन का नाही केला म्हणून आई तिकडून चिंता करते, ती चिंता त्याला का ऐकवली. "काऊन वं, कितीदा सांगतलं तुले?" एवढं म्हणून तो उठायचा. मंजुळाबाई टीव्हीपुढून हलायच्या नाहीत. उकंडराव ताटावरून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे आणि रस्त्याकडं पाहत राहायचे.

छाया ओरडत नव्हती. ओरडलं की जास्त बसतं, हे ती लवकर शिकली. पण तिनं दुसरी एक गोष्ट सुरू केली, ती फक्त मी पाहिली. मार बसू लागला की ती मागं सरकत सरकत ओट्यापाशी यायची, हात मागं न्यायची आणि ओट्यावरचा स्टीलचा गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, खाली ढकलून द्यायची. धाडकन आवाज व्हायचा. गंज घरंगळत माझ्या पायाशी यायचा. आणि त्या वेळी ती नवऱ्याकडं पाहत नसायची. माझ्याकडं पाहायची. माझ्यातून पलीकडं पाहायची.

एकदा घरात कुणी नसताना ती आईशी फोनवर बोलत होती. "काई नाई माय, बरी हाव मी. शेजारच्या काकू लई चांगल्या हायेत. त्याईले ऐकू जाते सगळं. यीतीन त्या एखाद्या रोजी."

पलीकडे ऐकू जात होतंच.

"रोज दुपारी काय चाललंय हो यांचं?" बाबू वैतागून म्हणायचे. "ती सून भांडी आपटते. फार तापट दिसते."

"तो मारतो वाटतं तिला," चारुलताबाई हळूच म्हणाल्या.

"नवरा-बायकोचं आहे ते. आपण कशाला त्यात पडायचं? आज भांडतील, उद्या एक होतील आणि आपण वाईट. आवाज तेवढा कमी करा म्हणावं, बस."

चारुलताबाईंनी माझ्यावर तळवा टेकला. उन्हाळ्यात गार वाटतं म्हणून लोक टेकतात तसा नाही. आत कुणाला तरी ताप आहे का, असं पाहतात तसा. मला वाटलं, आता ही बाई चप्पल घालते आणि जाते. पण बाबूंनी छातीला हात लावून "पाणी दे जरा" म्हटलं, आणि ती पाणी आणायला गेली. नवऱ्याचा जीव तिला प्यारा होता, त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तळवा तिनं काढून घेतला, हेही खरं.

एका संध्याकाळी बाबू स्वतः पलीकडे गेले. उकंडरावांनी खुर्ची दिली, चहा झाला. चहा छायानंच आणला.

"आमचं तसं काही म्हणणं नाही," बाबू म्हणाले. "तुमच्या घरातलं तुम्ही पाहा. दुपारचा आवाज तेवढा सांभाळा. मला झोप सांगितली आहे डॉक्टरांनी."

उकंडरावांनी हात जोडले. "चुकलं बाबूजी. आता नाही यीनार आवाज. शब्द देतो."

अविनाशनं तर बाबूंच्या पायांना हात लावला. छाया रिकामे कप उचलायला वाकली होती. ती तशीच थोडा वेळ वाकलेली राहिली. पलीकडच्यांना सगळं ऐकू जातं आणि त्यांना एवढंच हवं आहे, हे तिला त्या चहाच्या वेळी समजलं. मला तिच्या आधीच समजलं होतं, पण मला तोंड नाही.

दुसऱ्या दिवसापासून अविनाशनं शब्द पाळला. तो आधी दार-खिडक्या लावायचा, मग खांद्यावरचा टॉवेल तिच्या तोंडात कोंबायचा. मंजुळाबाईही आता मधे बोलू लागल्या, नाही असं नाही. म्हणायच्या, "अवि, हळू बे. तिकडं बाबू झोपले असतीन."

हे वाक्य मी ऐकलं आणि मला माझ्या उभं राहण्याचीच लाज वाटली. नऊ इंची असते, तर निदान माहीत नव्हतं असं म्हणायची सोय पलीकडच्यांना खरोखर मिळाली असती. चार इंचांत तेवढाही आडोसा नव्हता.

तरीही गंज पडायचा. तोंडात बोळा असला तरी एक हात मोकळा राहायचा, आणि तो हात ओटा शोधायचा. बहुतेक तिला अजून चारुलताबाईंची आशा होती. बाबू पुरुष माणूस, त्यांना नाही कळत. बाईला कळेल, असं तिला वाटत असावं.

संक्रांत आली. चारुलताबाईंनी हळदीकुंकू केलं. आळीतल्या बायका जरीकाठी नेसून आल्या, तिळगूळ झाला, उखाणे झाले, माझ्या डाव्या अंगाला हसण्याचा ऊत आला. बाबू त्या दिवशी मुद्दाम देवळात जाऊन बसले होते. छाया सगळ्यांत शेवटी आली. मंजुळाबाईंनी तिला एकटीलाच पाठवलं होतं, गुडघे दुखतात म्हणून.

इतर बायका पांगल्या. या दोघीच उरल्या. मला वाटलं, आज बोलतील.

चारुलताबाईंनी हळदीचं बोट उचललं. छायाच्या गालाशी नेताना ते थांबलं. कानशिलावर सूज होती, पावडर लावून झाकलेली. बाईंनी ती पाहिली. नक्की पाहिली, कारण हळद त्यांनी सुजेला धक्का लागणार नाही अशी, अगदी फुलासारख्या हातानं, बाजूनं लावली. कुंकू लावलं. छाया मान वर करून त्यांच्या डोळ्यांत पाहत होती.

मग बाईंनी तिला वाण दिलं. बाकी बायकांना साधे प्लास्टिकचे डबे होते. छायासाठी त्यांनी वेगळं आणून ठेवलं होतं. ओट्यावर आणि खाली अंथरायची जाड रबरी चटई, आणि प्लास्टिकची दोन पातेली, भातासाठी आणि पाण्यासाठी.

"मुद्दाम तुझ्यासाठी आणलं हो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. "स्टीलचं पडलं की फार वाजतं. यांना त्रास होतो, आणि..." इथं त्या अडखळल्या. "आणि घरातला आवाज बाहेर गेला की बोभाटा बाईचाच होतो ग. तू शहाणी आहेस. तिळगूळ घे."

वाण कुणी नाकारत नाही. सवाष्णीनं सवाष्णीला दिलेलं, नाही कसं म्हणायचं? छायानं पदर पसरला, त्यात ते घेतलं आणि रीतीप्रमाणे वाकून बाईंना नमस्कार केला. बाईंनी "अखंड सौभाग्यवती हो" म्हटलं.

चारुलताबाई दुष्ट नव्हत्या. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण दुष्ट बाई असती तर मला तिचा राग धरणं सोपं गेलं असतं. त्यांना वाटलं, आवाज बंद झाला की नवऱ्याची झोपही वाचेल आणि पोरीची अब्रूही वाचेल. एकाच वाणात दोन पुण्यं. बायका एकमेकींना असंच सांभाळत आल्या आहेत, झाकून.

त्यानंतर गंज पडला नाही. रबरी चटई ओट्याखाली अंथरली गेली. एकदोनदा प्लास्टिकचं पातेलं पडल्याचा पोकळ, मेल्यासारखा आवाज झाला, तो पलीकडं काही पोचला नाही. मग छायानं हात मागं न्यायचंच सोडलं. मार बसायचा तेवढा वेळ ती दोन्ही हात पोटाशी घेऊन उभी राहायची. माझ्याकडं तिनं पुन्हा बघितलं नाही.

पलीकडे बाबू खुशीत. "बघ, नीट शब्दात सांगितलं की लोक ऐकतात."

चारुलताबाई हसल्या नाहीत. शांत दुपारी त्या मला पाठ लावून पडायच्या आणि छताकडं बघत राहायच्या. त्यांना झोप येत नव्हती. आवाज बंद झाल्यावर माणसाला जास्त ऐकू येतं, हे मी त्या दिवसांत पाहिलं.

चैत्र लागला होता. ऊन असं की माझी पश्चिमेची कड तापून निघायची. त्या दिवशी बाजारात कोथिंबिरीला भाव मिळाला नाही. अविनाश आला आणि सरळ ताटावर बसला. जेवताना छायानं एवढंच म्हटलं, "अक्षय तृतीयेले चार रोज माहेरी जाऊन येऊ का?"

पुढचं मी सांगते, पण माझ्याच्यानं फार सांगवत नाही. त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं माझ्यावर आपटलं.

माझ्यावर. मी विटेची. मला मऊ होता येत नाही. किती वाटलं, आत्ता या क्षणी कोसळावं, भुगा व्हावं, पण भिंतीला मनासारखं पडताही येत नाही. पुन्हा आपटलं. बटणांच्या पेटीच्या जरा खाली. मी अख्खी हादरले, मालगाडीनं हादरते त्याहून जास्त.

पलीकडे बाबूंची झोप चाळवली. त्यांनी डोळे न उघडताच काठी घेतली आणि माझ्यावर ठोकलं. टक टक टक.

अविनाशचा हात थांबला. छाया माझ्या अंगावरून घसरत खाली बसली आणि तशीच एका कुशीवर कलंडली. मंजुळाबाई उठल्या, जवळ आल्या आणि पोराकडं बघून कुजबुजल्या, "काय केलं बे हे?" मग दोघांनी मिळून तिला उचललं आणि मोरीत नेऊन निजवलं. नळ सोडला.

"पाय घसरला," असं त्यांनी आळीला सांगितलं. ॲटो आला. ती दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पोलीस आले. मोरी पाहिली, शेवाळ पाहिलं. माझ्यावर मंजुळाबाईंनी आधीच ओलं फडकं फिरवलं होतं. मग रीतीप्रमाणे ते शेजारच्या घरी, बाबूंकडं, विचारायला आले. बाबूंनी चष्मा पुसत सांगितलं, "अतिशय सज्जन कुटुंब. कधी आवाज नाही, तंटा नाही." आणि हे सांगताना त्यांना आपण खोटं बोलतोय असं वाटतही नव्हतं. अलीकडं खरंच आवाज नव्हता.

पोलीस गेल्यावर एक म्हातारा आत आला. धोतर, डोक्याला टॉवेल, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. छायाचे वडील, जानराव. ते बाबूंशी बोलले नाहीत. सरळ चारुलताबाईंपुढं उभे राहिले.

"बाई, पोरगी तिच्या मायले फोनवर सांगे, का शेजारच्या काकू चांगल्या हायेत. म्हून तुमालेच इचारतो. तुमाले कधी काई ऐकू आलं काय जी?"

चारुलताबाई मला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या पाठीचे मणके मला मोजता येत होते, इतक्या घट्ट. त्यांनी तोंड उघडलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. बाबूंचा एक हात छातीवर होता.

"आम्ही दुपारचे झोपतो हो," त्या म्हणाल्या.

जानरावांनी डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधला. मग "बरं जी" म्हणाले आणि दारात चपला घालायला वाकले. त्यांना त्या पायात नीट घालता येईनात. शेवटी हातात घेऊनच गेले.

पुढं काही झालं नाही. मोरीत घसरून पडली, असं सगळीकडं मान्य झालं. अविनाशनं माझ्यावर, बरोबर त्याच जागेच्या वर, खिळा ठोकून छायाचा फोटो लावला आणि चंदनाचा हार घातला. येणारे-जाणारे म्हणायचे, फार जीव होता हो बायकोवर.

डाव्या बाजूला चारुलताबाईंना त्या खोलीत बसवेना. माझ्याकडं बघितलं की त्या ताट उचलून स्वयंपाकघरात जायच्या. बाबूंना वाटलं, मला ओल धरली म्हणून तिला करमत नसेल. त्यांनी माणूस बोलावून माझ्यावर लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची पॅनलं मारून घेतली. माझं डावं अंग असं झाकलं गेलं. पण बटणांच्या पेटीपाशी पॅनल कापावं लागतं. तेवढी वाट राहिलीच.

वर्ष फिरायच्या आत अविनाशचं दुसरं लग्न झालं. फोटो ट्रंकेत गेला. नवी बायको पुष्पांजली मेहकरकडची, अजून अंगावर लग्नाची हळद वाटावी इतकी कोवळी. ती आल्या आल्या खिळ्याला आरसा अडकवून भांग भरू लागली. खिळा कशाचा हे तिला कुणी सांगितलं नाही.

महिने गेले. तुरीच्या शेंगा बाजारात आल्या.

आणि आज दुपारी, अविनाश जेवायला आल्यावर, पुन्हा भाकरी थापल्यासारखा आवाज झाला.

चारुलताबाई पलंगाशेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. बाबू झोपले होते. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. दुसऱ्यांदा आवाज आला. मांडीवरचं सूप कलंडलं, दाणे सगळ्या खोलीभर पळाले. त्या उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि बटणांच्या पेटीला कान लावला. तिसऱ्यांदा. बाबू झोपेतच काठीकडं हात नेऊ लागले. बाईंनी काठी उचलली आणि पलंगाखाली सरकवून दिली.

मग त्या अनवाणीच बाहेर पडल्या. दोन्ही घरांच्या पुढच्या पायऱ्यांमध्ये माझं टोक येतं, त्याला वळसा घालून त्या पलीकडच्या दाराशी गेल्या. इतकंच तर अंतर होतं. आणि त्यांनी तळहातानं दार वाजवायला सुरुवात केली. थांबल्याच नाहीत.

अविनाशनं दार उघडलं. "काय झालं काकू? आवाज आला काय? माफ करा, टीव्हीचा—"

"तिला बाहेर बोलाव."

"घरातलं हाय काकू. तुमी जा."

"छायाचं पण घरातलंच होतं," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा होता. समोरच्या घरांची दारं उघडली. "ती मोरीत पडली नव्हती. मी ऐकलं होतं. रोज ऐकत होते मी. तिच्या बापाशी खोटं बोलले. आता बोलणार नाही."

अविनाशचा चेहरा काळाठिक्कर पडला. आतून मंजुळाबाई ओरडल्या, "म्हातारी येडी झाली काय!" आणि तेवढ्यात पुष्पांजलीच दारात आली. ओठ फाटलेला. पदराचं टोक तोंडावर धरलेलं. बाईंनी तिचा हात धरला.

"चल माझ्या घरी."

पुष्पांजलीनं सासूकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि हात सोडवून घेतला. "काई नाई काकू. मीच पडली. तुमी जा."

दार लागलं. कडी बसल्याचं मला ऐकू आलं.

मला वाटलं, आता बाई परत फिरतील. समोरच्या बायकाही दारं लावून आत गेल्या. पण चारुलताबाई फिरल्या नाहीत. त्या तिथंच, उकंडरावांच्या पायरीवर, खाली बसल्या. त्यांची पाठ माझ्या टोकाला टेकली आहे. मालगाडी येऊन गेली, ऊन उतरलं, तरी त्या तिथंच आहेत.

बाबू जागे झाले. खोलीभर सांडलेले दाणे पाहून आधी ओरडले, मग खिडकीशी आले. "चारू, आत ये. लोक बघताहेत."

"बघू द्या," बाई म्हणाल्या. "रोज दुपारी बसणार आहे मी इथं. पोलिसांकडं उद्या सकाळी जाणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर या."

बाबू खिडकीतून मागं सरले. आत अविनाश येरझाऱ्या घालतोय. पण बाहेर पायरीवर माणूस बसलंय हे त्याला माहीत आहे, आणि आत्ता या घडीला तरी त्याचा हात उठलेला नाही. पुष्पांजली ओट्याशी उभी आहे. तिनं अजून नळ सोडलेला नाही, दिवा लावलेला नाही. ती बाहेरचा कानोसा घेते आहे. उद्या काय होईल, मला माहीत नाही. बाईंचं पोलीस ऐकतील की नाही, हेही माहीत नाही. छाया काही परत येत नाही.

तुमच्याही घराला माझ्यासारखी एक मधली भिंत असेल. बिल्डरनं कितीही पातळ बांधली असली तरी ती बोलू शकत नाही. मी आज एवढी बोलले, ते कुणाला ऐकू गेलं का कोण जाणे. म्हणून हात जोडता येत नाहीत तरी विनवते. आमच्यातून काही ऐकू आलं, तर आमच्यावर ठोकू नका. पुढच्या दाराला जा. दार उघडलं नाही तर बाहेर बसा. चारुलताबाई आत्ता एकट्याच बसल्या आहेत. पायरी अरुंद आहे, पण सरकून बसलं तर अजून दोघी-तिघींना जागा होईल.